मेश फोन आणि गावाचा छोटा टॉवर: दिसायला सारखे, चालायला वेगळे

गावाने, किंवा शहराच्या कडेला नव्याने पडलेल्या एखाद्या लेआउटने, आपल्यापुरती फोनसेवा स्वतःच उभारावी अशी कल्पना निघाली की चर्चेत दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाने वावरू लागतात. एका प्रकारात घराघरांच्या स्लॅबवर लहान वाय-फाय पेट्या बसवतात आणि त्या पेट्या एकमेकींमार्फत बोलणे पुढे पोहोचवतात. त्याला आपण मेश फोन म्हणू. दुसऱ्या प्रकारात गावात एकच छोटे मोबाइल केंद्र उभे राहते आणि लोकांच्या खिशातले साधे मोबाइल थेट त्याच्याशी जोडले जातात. हा गावाचा छोटा टॉवर. नागपूर जिल्ह्यात रामटेकच्या पलीकडे, देवलापारच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एखाद्या वस्तीचा विचार करणाऱ्याला दोन्ही वाटा सारख्याच मोहक वाटतात, कारण मोठी कंपनी टॉवर कधी उभारते याची वाट दोन्हींत पाहावी लागत नाही. पण निवड चुकली तर पैसे जातातच, शिवाय कायद्याची अडचणही उभी राहते.

गोंधळ होण्याला कारण आहे. दोन्ही प्रकारांत कॉल कोणाकडून कोणाकडे जायचा हे ठरवण्याचे काम पुष्कळदा ॲस्टेरिस्क हे एकच मुक्त सॉफ्टवेअर करते. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतले, आणि साध्या संगणकाचे टेलिफोन एक्स्चेंज करण्याची सोय त्यातून झाली. आवाज एकदा पेटीत शिरला की दोन्हीकडे त्याची इंटरनेटवर जाणारी पाकिटे होतात, त्यामुळे एक्स्चेंज सांभाळणाऱ्याला दोन्ही यंत्रणा जवळपास एकसारख्या दिसतात. त्या वेगळ्या होतात त्या पेटीपासून माणसाच्या कानापर्यंतच्या टप्प्यात. हातात कोणता फोन लागेल, किती दूर जाता येईल, वीज किती खर्ची पडेल आणि परवाना कोणाचा लागेल, हे सारे त्याच टप्प्यावर ठरते.

मेशमध्ये मध्यवर्ती टॉवर नसतो. प्रत्येक पेटी, म्हणजे नोड, स्वतःच्या घरचे बोलणे पाठवते आणि शेजारच्यांचेही पुढे नेते. पाकिटांची वाट ठरवण्याच्या, २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या ओएलएसआर पद्धतीत प्रत्येक नोडला संपूर्ण जाळ्याचा नकाशा जवळ बाळगावा लागे आणि नोड वाढत गेले की स्वस्त राउटरचे लहान प्रोसेसर त्या आकडेमोडीतच थकत. बर्लिनमधल्या फ्रायफुंक या नागरिकांच्या वाय-फाय चळवळीतून त्यावर बॅटमॅन ही पद्धत पुढे आली. तिच्यात प्रत्येक नोड ठरावीक काळाने आपल्या अस्तित्वाचा छोटासा संदेश सोडतो, आणि बाकीचे नोड इतकेच लक्षात ठेवतात की अमक्याचे संदेश कोणत्या शेजाऱ्याकडून सर्वांत भरवशाने येतात. अनोळखी गावात पत्ता विचारत जावे आणि प्रत्येकाने फक्त पुढचा चौक दाखवावा, तसे हे चालते. पूर्ण रस्ता कोणालाच ठाऊक नसतो आणि त्यावाचून अडतही नाही. एखाद्या घरची वीज गेली तर शेजारचे नोड काही वेळात दुसरी वाट धरतात, अर्थात तशी दुसरी वाट उपलब्ध असेल तरच. या पद्धतीची सुधारित आवृत्ती २०११ मध्ये लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या मूळ गाभ्यात दाखल झाली.

फोनसेवेसाठी खास पेटी घडली ती दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या व्हिलेज टेल्को प्रकल्पात. स्टीव्ह साँग यांनी शटलवर्थ फाउंडेशनच्या पाठबळावर २००८ मध्ये तो हाती घेतला, आणि ऑस्ट्रेलियातले अभियंते डेव्हिड रोव यांनी फ्रायफुंकमधल्या सहकाऱ्यांच्या मदतीने मेश पोटॅटो हे यंत्र तयार केले. ऊनपावसात राहू शकेल अशा एकाच डब्यात त्यांनी वाय-फाय राउटर आणि जुन्या पद्धतीच्या टेलिफोनची जोडणी एकत्र बसवली, आणि यंत्राची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. घरातला बटणांचा, वायरचा टेलिफोन त्याला लावला की डायल टोन ऐकू येतो. त्या प्रकल्पातली ही सर्वांत शहाणपणाची निवड होती असे माझे मत आहे, कारण घरातल्या आजीला त्यासाठी कोणतेही ॲप शिकावे लागत नाही. तोटा मात्र तिथेच आहे. हा फोन घरात राहतो. माणूस शेतावर गेला की तो मागे पडतो. स्मार्टफोनमध्ये कॉलिंगचे ॲप टाकून वाय-फायवर बोलता येते खरे, पण ते नोडच्या आसपास काही दहा मीटर, आणि चालता चालता एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना कॉल तुटण्याची शक्यता बरीच.

मेशची खरी मर्यादा आवाजाच्या पाकिटांत आहे, आणि विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका दिशेला सेकंदाला ५० पाकिटे जातात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ते वगैरे, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ८० किलोबिट. राउटरच्या खोक्यावर ५४ मेगाबिट छापलेले असेल तर शेकडो कॉल चालायला हवेत, असे कागदावर निघते. हवेत ते टिकत नाही. वाय-फायला प्रत्येक पाकिटाआधी थांबावे लागते, दुसरे कोणी बोलत नाही ना हे ऐकावे लागते, आणि पाठवल्यावर पोच घ्यावी लागते. हा वेळ पाकीट लहान म्हणून कमी होत नाही, त्यामुळे आवाजासारखी बारीक बारीक पाकिटे वाय-फायला सर्वांत महाग पडतात. त्यातच एकच रेडिओ असलेल्या नोडला ऐकणे आणि पुढे पाठवणे एका वेळी जमत नाही. तीन टप्प्यांच्या, म्हणजे नोड ते नोड अशा तीन उड्यांच्या, एका कॉलसाठी दोन्ही दिशांची मिळून सेकंदाला ३०० प्रक्षेपणे त्याच चॅनेलवर होतात, आणि असे पाचसहा कॉल एकत्र आले की विलंब वाढू लागतो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. त्यापुढे दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून जाळे कितीही पसरले तरी कॉल तीन-चार टप्प्यांत पोहोचेल अशी आखणी करावी, आणि त्याहून लांबचे अंतर दोन उंच अँटेनांच्या थेट जोडणीने कापावे.

इथे एक गोष्ट बाजूला काढतो. दुकानात मेश म्हणून मिळणारा दोन-तीन पेट्यांचा संच एका घरातले इंटरनेट वरच्या मजल्यापर्यंत नेण्यासाठी असतो. त्याचा गावच्या फोनशी संबंध नाही.

छोट्या टॉवरची रचना अगदी वेगळी आहे. डेव्हिड बर्जेस आणि हरविंद सामरा यांच्या ओपनबीटीएस या मुक्त सॉफ्टवेअरने, पूर्वी कंपन्यांच्या बंद यंत्रांतच असलेले जीएसएम, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या (२जी) मोबाइलचे, केंद्र साध्या संगणकावर आणि एका रेडिओवर आणून ठेवले. २००८ मध्ये अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या बर्निंग मॅन मेळाव्यात त्याची चाचणी झाली, आणि २०१० मध्ये प्रशांत महासागरातल्या निउए बेटावर ते उभे राहिले. २०१३ मध्ये मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या तालेआ दे कास्त्रो या डोंगरी गावाने रायझोमॅटिका या संस्थेच्या मदतीने स्वतःची मोबाइल सेवा सुरू केली. तिथे कॉलला पाच मिनिटांची मर्यादा घातली होती, आणि तिचे कारण जीएसएमच्या गणितात सापडते. २०० किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीचे आठ कालखंड पडतात, त्यांतला एक नियंत्रणासाठी जातो आणि बोलण्यासाठी सात उरतात. आठव्या कॉलला जागाच नसते. मेशवर गर्दी झाली की सगळ्यांचाच आवाज बिघडत जातो. टॉवरवर गर्दी झाली की आत असलेल्यांचे बोलणे स्वच्छ चालते आणि बाहेरच्याला व्यस्त असल्याचा आवाज मिळतो. मला यातली दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

टॉवरचा मोठा लाभ हँडसेटमध्ये आहे. जीएसएमवर चालणारा कोणताही बटणांचा मोबाइल त्या गावाचे सिम घालून वापरता येतो. जीएसएमच्या नियमानुसार एका केंद्राचा पल्ला ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. कमी शक्तीच्या केंद्राला झाडी आणि चढउतार आडवे आले की तो काही किलोमीटरवर येतो, तरीही गुराख्याला, मोहफुले वेचायला गेलेल्या बाईला किंवा रात्री ओलितासाठी शेतावर असलेल्या माणसाला तो पुरेसा आहे. मेशकडून ही अपेक्षा करूच नये.

भारतात मात्र हा लाभ गावाच्या हाती सहज येत नाही. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी जानेवारी २००५ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाली. प्रक्षेपकाची शक्ती एक वॅट आणि अँटेनासह परिणामी शक्ती चार वॅट ही तिची मर्यादा. त्याच वर्षी धरमशाळेत सामुदायिक मेश जाळे उभे राहिले, त्यामागे ही मोकळीक होती. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतले ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्ये असेच मोकळे झाले. जीएसएमच्या ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र लिलावातून कंपन्यांकडे गेलेल्या आहेत, आणि त्यांवर आपल्या मनाने प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, मग त्या गावात त्या लहरी कोणी वापरत नसले तरी. मेक्सिकोने २०१६ मध्ये आदिवासी समुदायांच्या संस्थेला सामाजिक वापरासाठी लहरींचा हक्क दिला; आपल्याकडे ग्रामपंचायतीसाठी तशी वाट नाही. त्यामुळे छोट्या टॉवरचा प्रस्ताव घेऊन कोणी आले तर पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसावा, कोणत्या परवानाधारक कंपनीच्या लहरींवर ते चालणार आहे हा असावा. त्याचे लेखी उत्तर नसेल तर बैठक तिथेच संपवलेली बरी.

मेशच्या बाजूनेही एक गैरसमज फिरतो: लहरी मोकळ्या आहेत, तेव्हा सेवाही मोकळी. तसे नाही. आपल्या आवारात किंवा संस्थेच्या इमारतींत आपसांत बोलण्यासाठी जाळे वापरणे वेगळे, आणि लोकांना पैसे घेऊन दूरसंचार सेवा देणे वेगळे. दुसऱ्यासाठी सरकारची अधिकृत परवानगी लागते, आणि सार्वजनिक टेलिफोनशी जोडणी परवानाधारक कंपनीमार्फतच करावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो, पण तिच्यातून इंटरनेट मिळते, टेलिफोन क्रमांक मिळत नाही. हा फरक ११२ हा आपत्कालीन क्रमांक डायल करताना जाणवतो. गावच्या मेशवर तो क्रमांक फिरवला तर तो कुठे जावा हे कोणीतरी आधी ठरवून ठेवलेले असावे लागते. नसेल तर तो कुठेच जात नाही.

विजेचे गणित नागपूरच्या हवेत स्वतंत्रपणे मांडावे लागते. पाच वॅटचा नोड दिवसाला १२० वॅट-तास घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून रोज १० अँपिअर-तास. दोन ढगाळ दिवस काढायचे आणि बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही, तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. लहान जीएसएम केंद्र संगणक आणि सिग्नलची शक्ती वाढवणारा प्रवर्धक यांसह याच्या अनेक पट वीज घेते, पण ते एकाच जागी असते, सांभाळायला सोपे. मेशमध्ये बॅटऱ्या वीस घरांवर विखुरलेल्या असतात. त्यात मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो, टिनाखालच्या डब्यात त्याहून वर, आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. म्हणून बॅटरी घरात, सावलीत, आणि स्लॅबवर फक्त पेटी व पॅनेल ठेवावे. दक्षिण आफ्रिकेतल्या मंकोसी गावाने या पॅनेलचा एक उपयोग शोधला. झेन्झेलेनी या सहकारी संस्थेने मेश नोडच्या सौर यंत्रणेवर लोकांचे मोबाइल पैसे घेऊन चार्ज करून दिले आणि जाळ्याच्या खर्चाला त्यातून हातभार लागला. कंपनीचा मोबाइल आणि गावचा मेश असे तिथे शेजारी नांदले.

आपल्याकडे ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, रेशन दुकान अशी ठरलेली ठिकाणे आपसांत जोडायची असतील तर मेश योग्य आहे, आणि रानात फिरणाऱ्यांसाठी सेवा हवी असेल तर परवानाधारक कंपनीशी बोलण्याला पर्याय नाही. मेश ठरवलाच तर जोडणीची चाचणी कधी घ्यायची याला महत्त्व आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत शोषल्या जातात. देवलापारकडचे सागवान उन्हाळ्यात पानगळीने उघडे पडते, त्यामुळे एप्रिलमध्ये दोन टोके एकमेकांना स्वच्छ दिसतात आणि सिग्नल भरपूर मिळतो. तीच जोडणी पावसाळ्यात पान भरले की तुटते. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेला पान बारमाही असते, तेव्हा तिथे निदान फसगत होत नाही. अँटेना झाडांच्या शेंड्यांवर नेता येत नसेल तर मोजमाप ऑगस्टमध्ये, पाऊस पडून गेल्यावर घ्यावे आणि नोडची संख्या त्या आकड्यांवरून ठरवावी.