सहल वेगळी, भुर्र वेगळं

"भुर्र जायचं?" विचारलं की माझी अडीच वर्षांची लेक चपला शोधायला पळते. कुठे, हे ती विचारत नाही. मोठ्यांना 'सहलीला जाऊ या' म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. 'पोरीला फिरवून आणलं' या एका वाक्यात आपण दोन्ही कोंबतो आणि घोळ तिथेच होतो. माझा झाला.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिला महाबळेश्वरला नेलं. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाईपर्यंत झोपली, पसरणीच्या घाटात दोनदा उलटी झाली, आणि वेण्णा तलावावर नावेच्या रांगेत इतकी रडली की आम्ही नावेत न बसताच परत फिरलो. दोन दिवसांत ती मनापासून रमली ती एकदाच, हॉटेलच्या चार पायऱ्यांवर. चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. पाऊण तास! तशा पायऱ्या आमच्या इमारतीलाही आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यांना एका वेळी तासाभराहून जास्त जखडून बसवू नये, असं त्यात म्हटलं आहे. गाडीत मुलाला पट्ट्यानं बांधायलाच हवं, त्यात तडजोड नाही. म्हणूनच लांबचा रस्ता या वयाला जाचक होतो.

पण फरक अंतराचा आहे असं समजलात तर पुन्हा फसाल. आम्ही फसलो. महाबळेश्वरनंतर ठरवलं, आता जवळच जायचं, आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय गाठलं. (बुधवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.) आवार सुमारे १३० एकरांचं. वाघ बघायचा, हत्ती बघायचा, सर्पोद्यान बघायचं, बाराच्या आत सगळं उरकायचं. ती वाटेत मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसली आणि मी तिचा दंड धरून ओढत म्हणाले, "चल ना गं, पुढे वाघोबा आहे!" घरापासून अर्ध्या तासावर होतो, तरी ती सहलच होती. काय बघायचं ते आधीच ठरलं होतं आणि मुलगी त्या यादीच्या मागे फरफटत होती.

भुर्र जाताना यादी नसते. एकच ठिकाण असतं, तेही निमित्तापुरतं. आम्ही आता सारसबागेत जातो. पेशवाईत तिथं तळं होतं, म्हणून तिथल्या देवळातला गणपती 'तळ्यातला गणपती'. लेकीला त्यातलं काही ठाऊक नाही. तिला देवळाकडे जाणारी वाट ठाऊक आहे, पाण्यातली कमळं ठाऊक आहेत, आणि 'जेजे बाप्पा' म्हणून हात जोडले की परत फिरून धावायचं, हेही. शेजारच्या पेशवे पार्कात फुलराणी आहे, १९५६ पासून पुण्याच्या पोरांना फिरवणारी छोटी आगगाडी. एकदा ती गाडीत बसायला तयारच नव्हती. नुसती बाहेर उभी राहून हात हलवत राहिली. सहलीत याला 'तिकीट वाया गेलं' म्हणतात. भुर्रमध्ये आम्ही तिकीटच काढलं नव्हतं, आधी तिला गाडीजवळ जाऊ दिलं होतं.

एक फरक मला फार उशिरा कळला. सहलीला एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा जाणं आपल्याला फुकट वाटतं. या वयाच्या मुलाला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच ते ठिकाण आपलं होतं. पुढे काय येणार ते तिला आधी कळतं, ती ते आम्हाला सांगते, आणि सांगितलेलं खरं निघालं की तिचा चेहरा बघावा! मेट्रोनं आम्ही कितीदा तरी वनाझहून डेक्कनपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. तिथून झेड ब्रिजवर चालत जाऊन मुठा बघायची. उन्हाळ्यात नदीपात्रात पाण्याची जेमतेम धार असते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की खालचा भिडे पूल पाण्याखाली जातो. पावसाळ्यात तो दिसेना तेव्हा ती कठड्याशी कितीतरी वेळ विचारत राहिली, "पूल कुठे गेला?" उन्हाळ्यात तो पाहिला नसता, तर हा प्रश्न तिला पडलाच नसता.

तयारी भुर्रलाही लागते. झोप झालेली हवी, पोटात काहीतरी हवं, पिशवीत पाणी आणि कपड्यांचा एक जोड. दीड तास पुरे. रडू यायच्या आधी निघायचं, रमली आहे तोवरच.

सासूबाईंना नात कोकणात यायला हवी आहे, आणि आम्ही जाणार आहोत. तिथं घरची माणसं आहेत, तिथं जाणं वेगळं. महाबळेश्वर मात्र ती स्वतः "कुठे?" विचारायला लागली की.

परवा पाऊस उघडल्यावर पुन्हा पुलावर गेलो. पाणी ओसरलं होतं. कठड्याच्या फटीतून खाली बघून ती एवढंच म्हणाली, "आला."