‘एएमडी६४’ म्हणजे फक्त एएमडीच्या प्रोसेसरसाठी? नाही!

डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घ्यायला गेलं की फाइलच्या नावात ‘एएमडी६४’ दिसतं आणि इंटेलचा लॅपटॉप असलेला माणूस थबकतो. ‘हे आपलं नाही’ असं म्हणून कुणी ‘आय३८६’ ही जुनी ३२ बिट आवृत्ती शोधतो. हा समज अनेक वर्षं फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. नव्याने लिनक्सकडे येणारी मुलं यापायी पहिल्याच पायरीवर अडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नावामागे इतिहास आहे. जुन्या ३२ बिट एक्स८६ या प्रोसेसरच्या रचनेला ६४ बिटपर्यंत वाढवणारा आराखडा एएमडीने आखला आणि २००३ साली ऑप्टेरॉन या प्रोसेसरमधून बाजारात आणला. इंटेलचा भर तेव्हा इटॅनियम या अगदी वेगळ्या रचनेवर होता. पण २००४ मध्ये इंटेलनेही एएमडीचाच आराखडा स्वीकारला. डेबियनने ज्याने तो आखला त्याचं नाव ठेवलं. फेडोरा ही दुसरी लिनक्स त्यालाच ‘एक्स८६_६४’ म्हणते. वस्तू एकच.

इंटेलच्याच मशीनवर उबुंटू टाकून पाहा. डीपीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या आज्ञेला आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची रचना, विचारली तर उत्तर येतं ‘एएमडी६४’, आणि युनेम या सिस्टिमची माहिती देणाऱ्या आज्ञेला विचारलं तर ‘एक्स८६_६४’.

‘आयए६४’ हे नाव मात्र खरोखर फसवं. त्यात इंटेल आहे, पण ते इटॅनियमचं. तुमच्या लॅपटॉपवर ते चालणारच नाही. एआरएम प्रोसेसरचा छोटा संगणक, म्हणजे ६४ बिट रास्पबेरी पाय, असेल तर ‘एआरएम६४’ घ्या. आणि पॅकेजपुढे (सॉफ्टवेअरच्या फाइलपुढे) ‘ऑल’ लिहिलं असेल, तर त्यात ठरावीक प्रोसेसरसाठी बांधलेलं काही नसतं, बिनधास्त घ्या.