आखूड हातांचा बॉक्सर जवळून हमखास भारी?

सकाळी तर्री-पोह्यांच्या गाड्यावर एक फॉरवर्ड पुन्हा वाचायला मिळाला: ‘दोन नामी बॉक्सर अंगाला भिडले, की ज्याचे हात आखूड तोच सरस.’ नागपुरात हा मेसेज जुनाच आहे. पटतोही पटकन, कारण लांब हात अरुंद जागेत अडतील असं कुणालाही वाटेल.

आधी आकड्याचं बघू. लढतीआधी पडद्यावर जो ‘रीच’ दाखवतात, तो एका हाताचा नसतो. दोन्ही हात आडवे पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात, म्हणजे त्यात छातीची रुंदीही आली. दोघांत १० सेंमीचा फरक असेल, तर एका हातामागे तो साधारण ५ सेंमी उरतो, छातीच्या रुंदीप्रमाणे थोडा कमी-जास्त. हूक (बाजूने येणारा ठोसा) आणि अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) तर कोपर वाकवूनच मारतात. त्यांचा जोर पाय, कंबर आणि खांद्याच्या वळणातून येतो.

शंका असेल तर मित्राला समोर उभं करा, कोपर काटकोनात वाकवा आणि मुठी कुठवर पोचतात ते बघा. (हळू, भाऊ, मारायचं नाही!)

मग एखादी जुनी लढत आवाज बंद करून पाहा. समालोचक फार भुलवतो. दोघं भिडले की हातांची लांबी सोडा. पुढचा पाय कुणाचा बाहेरच्या बाजूला आहे, कोपरं कुणाची बरगड्यांना चिकटलेली आहेत, डोकं कुणाचं खांद्याआड आहे? क्लिंचमध्ये, म्हणजे दोघं एकमेकांना कवटाळून धरतात तेव्हा, हात समोरच्याच्या हातांच्या आत घालून आतली जागा कोण मिळवतो? लांब हातांचाही बॉक्सर हे शिकतो. काही जण शिकत नाहीत, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी त्यांचीच उदाहरणं येतात.