अटलांटिकपारचे स्थलांतर : उतारूंच्या कायद्यांची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात युरोपातून अमेरिका खंडाकडे गेलेल्या कोट्यवधी माणसांविषयी लिहिताना दुष्काळ, कुळांची हकालपट्टी आणि पलीकडच्या स्वस्त जमिनीची ओढ ही कारणे नेहमी दिली जातात, आणि ती खरीही आहेत. मात्र कोण कोणत्या बंदरातून निघाला आणि जिवंत पोहोचला की नाही, हे बऱ्याच अंशी मालवाहतुकीच्या हिशेबावर ठरले. आजच्या कॅनडातील क्वेबेक आणि न्यू ब्रन्सविकमधून ब्रिटनला इमारती लाकूड आणणाऱ्या जहाजांना परतीच्या फेरीत पुरेसा माल मिळत नसे. रिकामे जहाज दगड-रेती भरून न्यावे लागे. त्याऐवजी भाडे देणारी माणसे मिळाली तर मालकाला हवीच होती. दोन डेकांमधल्या जागेत कच्च्या फळ्या ठोकून दोन थरांचे माचे उभारत. सुमारे सहा फूट लांब-रुंद माच्यावर चार प्रौढ झोपत. पलीकडे पोहोचल्यावर हे माचे मोडून त्याच जागेत लाकूड रचले जाई.

या वाहतुकीवरचा ब्रिटनमधला पहिला मोठा कायदा १८०३ चा, आणि त्याच्या हेतूविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. दोन टन क्षमतेमागे एकच माणूस, पन्नास किंवा अधिक उतारू असल्यास डॉक्टर, रोज ठराविक मांस, भाकरी आणि पाणी, अशा त्यातील अटी वाचल्या तर तो दयाबुद्धीचा नमुनाच वाटतो. त्यामागे स्कॉटलंडच्या हायलंड भागातील जमीनदारांच्या एका संस्थेचे अहवाल होते. १८०१ मध्ये फोर्ट विल्यमहून नोव्हा स्कोशियातील पिक्टूकडे गेलेल्या दोन जहाजांवर इतकी गर्दी होती, की गुलामांच्या वाहतुकीच्या तेव्हाच्या कायद्यानेही तेवढी माणसे भरू दिली नसती, हे संसदेपुढे मांडले गेले. ही माहिती खोटी नव्हती. पण ती पुढे करणाऱ्या जमीनदारांचे उत्पन्न तेव्हा केल्पवर चालत होते. किनाऱ्यावरचे समुद्री शेवाळ कापून, वाळवून, जाळून जी राख मिळे, ती साबण आणि काच बनवण्यासाठी विकली जाई. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे परदेशी क्षार दुर्मीळ होऊन या राखेचा भाव चढला होता, आणि गुडघाभर थंड पाण्यात उभे राहून शेवाळ कापणारी कुळे जहाजात बसून निघून जाणे जमीनदारांना परवडणारे नव्हते. कायद्यानंतर भाडे दुपटीच्या वर गेले. स्थलांतराचा पुरस्कार करणाऱ्या एका स्कॉटिश उमरावाने १८०५ मध्येच असा आक्षेप घेतला, की घरी क्वचितच मांस खाणाऱ्या गरिबांवर जहाजात मांसाचा खर्च लादणे म्हणजे त्यांना घरीच अडकवून ठेवणे होय.

जमीनदारांच्या मनात दया अजिबात नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पुढच्या पंचवीस वर्षांतील घटना पाहता ती मुख्य होती, असेही मानता येत नाही. युद्ध संपून परदेशी क्षार पुन्हा येऊ लागला, केल्पचा भाव कोसळला आणि कालपर्यंत हवी असलेली माणसे ओझे ठरली. १८२६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील रम बेटावरील सुमारे तीनशे रहिवाशांना नोव्हा स्कोशियातील केप ब्रेटनला पाठवून बेट मेंढ्यांसाठी मोकळे करण्यात आले. त्यानंतरच्याच वर्षी, १८२७ मध्ये, उतारूंना संरक्षण देणारे कायदे रद्द झाले. जहाजांवरील मृत्यूंच्या बातम्यांमुळे १८२८ मध्ये नवा कायदा करावा लागला, पण तो १८०३ च्या मानाने बराच सैल होता.

ब्रेमेन या जर्मन बंदरशहराने १८३२ मध्ये वेगळी वाट धरली. तेथील व्यापाऱ्यांना बाल्टिमोरहून तंबाखू आणणाऱ्या जहाजांसाठी जातानाचा भरणा हवा होता, म्हणून पुरेसा शिधा जहाजमालकानेच द्यावा आणि उतारूंच्या याद्या ठेवाव्यात असा नियम करून त्यांनी जर्मन प्रदेशांतील लोकांना आपल्या बंदराकडे वळवले. स्वार्थ येथेही होताच, पण त्यातून उतारूला अन्न मिळाले. ब्रिटिश जहाजांवर १८४२ च्या कायद्याने आठवड्याला सात पौंड धान्य किंवा बिस्किटे आणि दिवसाला सुमारे साडेतीन लिटर पाणी ठरवले. पिणे, रांधणे, धुणे सगळे तेवढ्यातच भागवायचे. डेकवरच्या सामाईक चुलीवर प्रत्येकाने आपले आपण शिजवायचे. वादळात चूल विझवली आणि झडपा बंद केल्या, की खालची माणसे उपाशीच राहत.

१८४७ मध्ये दुष्काळग्रस्त आयर्लंडमधून लोंढा निघाला, त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांसाठी माणशी जागेचा नियम कडक केला. न्यूयॉर्क, बॉस्टनचे भाडे वाढले आणि सर्वांत गरीब माणसे लाकूडवाहू जहाजांतून कॅनडाकडे ढकलली गेली. मेच्या अखेरीस सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल या विलगीकरण बेटासमोर चाळीसच्या आसपास जहाजे टायफस या उवांमुळे पसरणाऱ्या तापाचे रुग्ण घेऊन खोळंबली होती. त्या एका हंगामात बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. एका किनाऱ्याने दार अरुंद केले म्हणून दुसऱ्या किनाऱ्यावर हे घडले, याची नोंद या विषयाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

पुढे आगबोटींनी पाच-सहा आठवड्यांचा प्रवास दीड-दोन आठवड्यांवर आणला आणि १८७० नंतर शिडाच्या जहाजाने जाणारा स्थलांतरित विरळाच राहिला. अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्याने माणशी किमान १०० घनफूट आणि अगदी खालच्या डेकवर १२० घनफूट जागा बंधनकारक केली. तोपर्यंत वादाचा विषय बदलू लागला होता. जहाजात माणूस जगेल का, यापेक्षा उतरल्यावर त्याला आत घ्यायचे का, हा प्रश्न पुढे आला. १८९१ च्या कायद्याने, नाकारलेल्या माणसाला परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीवर टाकला. १८९२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावरचे केंद्र उघडले, आणि त्याच उन्हाळ्यात हॅम्बुर्ग या स्थलांतरितांच्या जर्मन बंदरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक बळी घेतल्यावर अमेरिकेने स्थलांतरितांच्या जहाजांसाठी वीस दिवसांचे विलगीकरण लागू केले. नाकारलेला उतारू आपल्याच खर्चाने परत आणावा लागणार, हे ओळखून कंपन्यांनी डोळे, त्वचा आणि अंगावरचे कपडे यांची तपासणी युरोपच्या बंदरांत आणि रशियाच्या सरहद्दीवरच सुरू केली. तिथे अडवलेल्या माणसाला तिकीट हाती असूनही समुद्र दिसत नसे.