घराचे अंतर्गत नूतनीकरण : मराठवाड्यातील आखणी व व्यवस्थापन

वापरातल्या घराचा मूळ सांगाडा कायम ठेवून आतील फरशी, गिलावा, नळकाम, वायरिंग, दारे-खिडक्या, फर्निचर आणि रंग बदलण्याच्या कामाला अंतर्गत नूतनीकरण म्हणतात. घरात माणसे राहत असतात आणि भिंत उघडेपर्यंत तिच्या पोटात काय आहे हे कळत नाही. म्हणून त्याची आखणी नव्या बांधकामापेक्षा अवघड असते. मराठवाड्यात ती रंगाच्या छटांपासून सुरू करून चालत नाही. आधी भिंत, छत, जमीन आणि पाणी पाहावे लागते.

पाहणी : गावठाणातील जुनी घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि माळवदाची, म्हणजे लाकडांवर मातीचा थर असलेल्या सपाट छताची. गळती थांबवायला दरवर्षी वर माती टाकली जाते आणि छताचे वजन वाढत राहते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात अशीच घरे कोसळून हजारो माणसे दगावली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत बहुधा नव्हते. त्यामुळे माळवदाच्या घरात पीओपीचा किंवा टाइल्सचा विचार नंतरचा. जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार बांध घालणे आणि कोपरे जखडणे हे काम आधी, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने. अशा भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढवला की ओल आत कोंडते. चुन्याचा गिलावा तिथे अधिक योग्य.

काळ्या जमिनीवरील घरांचे दुखणे वेगळे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. नुसती पुट्टी भरली तर पुढच्या मोसमात भेग रंगासकट उघडते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी तडकली तर दोष पायात आहे.

फ्लॅटमध्ये कॉलम-बीमला हात लावू नये. बाथरूमची जागा हलवण्याआधी सोसायटीची संमती घ्यावी आणि खालच्या मजल्याचा विचार करावा.

पाणी, हंगाम आणि मजूर : काँक्रीटचे भारतीय मानक (आयएस 456) साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस ओलावा राखायला सांगते. गिलाव्यालाही निदान आठवडाभर पाणी मारावे लागते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा प्रदेशात मे महिन्यात गवंडीकाम काढणे म्हणजे टँकरचा खर्च वाढवून कच्चा गिलावा पदरात पाडून घेणे होय. दिवाळीनंतर हवा आणि पाणी दोन्ही अनुकूल असतात, पण तेव्हाच बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लोक ऊसतोडीला जातात आणि बिगारी मिळत नाहीत. त्यामुळे माणसांची बोली दसऱ्याआधी करावी. सुतारकाम आणि रंग उन्हाळ्यात उत्तम होतात. भर पावसाळ्यात रंग काढू नये, मग घरात लग्न ठरलेले असले तरीही.

गुत्ता : गुत्ता म्हणजे कामाचा ठेका. मजुरीचा गुत्ता आणि मालासह गुत्ता असे दोन प्रकार चालतात. पहिल्यात मालाचा दर्जा घरमालकाच्या हाती राहतो, पण रोजची धावपळही त्याच्याच माथी येते. गुत्तेदार ओळखीचा असला तरी बोली लेखी हवी. गिलाव्याची जाडी, प्लायवूडची प्रत, मोजमापातून दार-खिडक्यांची वजावट, राडारोडा कोण उचलणार, हे सगळे त्यात यावे. निम्मी भांडणे मोजमापाचीच असतात. उचल थोडी द्यावी, पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे 5 ते 10 टक्के दोष दुरुस्त झाल्यावर. अंदाजपत्रकात 10 ते 15 टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी वेगळी ठेवावी. टाइल्स साधारण 10 टक्के जादा आणि एकाच लॉटच्या घ्याव्यात.

क्रम : तोडफोड, नळ आणि वायरिंगच्या झिऱ्या (भिंतीत कोरलेल्या खाचा), गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग. कूलरसाठी खिडकीजवळ पॉइंट आणि पाण्याची लाइन गिलाव्याआधीच काढावी. बाथरूममध्ये टाइल्स बसवण्यापूर्वी किमान 24 तास पाणी साठवून खालून ओल येते का ते पाहतात. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप फुटत नाही.