डेक

डेक हा मूळचा जहाजावरचा शब्द. आमच्या विदर्भात समुद्र तर नाहीच, बऱ्याच गावांत उन्हाळ्यात नाल्याला पाणीही नसते, तरी डेक हा शब्द लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, फक्त त्याचा जहाजाशी काही संबंध असंल हे कोणाच्या मनातही येत नाही. खेड्यात "डेक लाव ना बे" म्हटलं की अर्थ एकच, गाणे वाजव.

हा अर्थ आला टेप डेकवरून. ज्या सपाट पट्टीवर रेकॉर्डची तबकडी किंवा टेपची यंत्रणा बसवलेली असते तिला इंग्रजीत डेक म्हणू लागले, जहाजाच्या सपाट मजल्यासारखी म्हणून. नियमानं पाहिलं तर टेप डेकमध्ये ॲम्प्लिफायरही नसतो अन् स्पीकरही नसतो, ते वेगळे जोडावे लागतात. पण आपल्याकडे एवढी काटछाट कोण करते, टेप, ॲम्प्लिफायर अन् दोन मोठाले खोके मिळून सगळ्या बाडबिस्तऱ्यालाच डेक नाव पडलं. कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये आणली, आतली फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद. ती डेकच्या चाकात गुंतली की पोट्टे कॅसेट पेनात अडकवून गरगर फिरवायचे, अन् आवाज बसला की फीत जिथं घासून वाजते त्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, हे काम ज्याला जमलं तो गावातला अर्धा मेकॅनिक. १४ एप्रिलला भीमगीतं, पोळ्याला वेगळं, एखाद्या घरी पहाटे तुकडोजी महाराजांचे भजन, हे सगळं त्याच एका डेकवर.

कॅसेट गेली, नाव राहिलं. आता डेक म्हणजे ट्रॅक्टरच्या छतात किंवा मडगार्डवरच्या पेटीत बसवलेला, पेनड्राइव्ह अन् ब्लूटूथवाला खोका. त्याच्या मागून बऱ्याच वायरी निघतात, पण बसवताना तीन नीट पहायच्या: काळी अर्थिंगची, पिवळी थेट बॅटरीला, अन् लाल चावीच्या स्विचमधून. आमच्या घरी एकदा बसवणाऱ्यानं घाईघाईत लाल अन् पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीलाच जोडली, चावी काढली तरी डेक आतून जागाच, गाडी चारपाच दिवस उभी होती अन् नेमकी कापूस भरायच्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं टिकटिक. धक्का मारायला बाबांनी गल्लीतली सगळी पोरं गोळा केली, अन् वरून मलाच बोलले, "अजून लाव गाणे!"

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. गावात मंडप-बिछायतवाला अन् डेकवाला बहुतेक एकच माणूस असते, त्याच्या पाटीवर डेकोरेशन लिहिलेलं असते, त्यामुळे डेक हे डेकोरेशनचं छोटं रूप आहे असं पुष्कळांना वाटते. तसं नाही, डेकोरेशन लॅटिनमधून आलेला वेगळा शब्द आहे. डेक्कन क्वीनमधल्या डेक्कनचाही इथं संबंध नाही, ते दक्षिणवरून.

डेक आला जुन्या डच भाषेतून, तिथं त्याचा अर्थ आच्छादन, छप्पर. इंग्रजीतही आधी जहाजावर टाकलेलं झाकण असाच अर्थ होता, मग त्या झाकणावरून माणसं चालू लागली अन् तीच जमीन झाली. भाषेचे अभ्यासक याचं मूळ संस्कृतातल्या 'स्थग्' म्हणजे झाकणे या धातूशी जोडतात, म्हणजे आपला स्थगित अन् बहुधा ठगसुद्धा डेकचे लांबचे चुलतभाऊ निघतात. ज्यानं मातीच्या सपाट छताचं धाब्याचं घर पाहिलं त्याला झाकणाची जमीन कशी होते हे समजवायची गरज नाही, खाली बिऱ्हाड अन् वर त्याच छतावर मिरच्या वाळत घातलेल्या. धाबं गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर माती टाकून चोपतात. लाकडी जहाजात फळ्यांच्या फटीत जुन्या दोरखंडाचे धागे ठोकून वरून डांबर ओतायचे, अन् डेक मधोमध थोडा उंच ठेवायचे, पाणी दोन्हीकडं निघून जावं म्हणून. वैनगंगेवर ढिवर भाऊ मासे धरायला जो डोंगा नेतात त्याला मात्र डेक नसतोच, वरून सगळा उघडा.

जुन्या लढाऊ जहाजांची ताकद तोफा किती अन् त्या किती डेकांवर, यावरून मोजत. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं इंग्रजांचं व्हिक्टरी हे तीन तोफ-डेकांचं जहाज अजून पोर्ट्समथला जपून ठेवलं आहे. आजच्या विमानवाहू जहाजात सगळ्यात वरचा डेक म्हणजे धावपट्टीच. २०२२ मध्ये नौदलात आलेली आपली विक्रांत २६२ मीटर लांब आहे, अन् तिचा डेक पुढच्या टोकाला वर वळवलेला आहे, थोडक्यात धावून विमानाला हवेत उडी घेता यावी म्हणून.

मजला या अर्थानं डेक रस्त्यावर आला. मुंबईत बेस्टची डबलडेकर १९३७ पासून धावते, जुन्या डिझेलवाल्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता विजेवरच्या आहेत. नागपुरात डबलडेकर म्हटलं तर बस नाही, पूल. वर्धा रोडवर खाली जुना रस्ता, मधात उड्डाणपूल अन् त्याच्यावर मेट्रो, लांबी ३.१४ किलोमीटर, २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट मोबाईलवर काढताना लोअर डेक, अप्पर डेक असं विचारते. आई सोबत असंल तर डोळे झाकून लोअर घ्यायचं, त्या शिडीवर लुगडं सावरत चढणं काही सोपं नाही.

पुलाच्या कामावर गाड्या जिच्यावरून चालतात त्या वरच्या स्लॅबला डेक स्लॅब म्हणतात, ठेकेदाराच्या माणसांकडून हा शब्द गावातल्या मजुरांपर्यंत पोचला आहे. अमेरिकेत ५२ पत्त्यांनाही डेक म्हणतात, आपल्याकडं मात्र पत्त्याचा कॅटच, तिथं डेकला जागा मिळाली नाही. अन् शहरात नोकरीला लागलेली पोरं सुट्टीत गावी येऊन फोनवर "डेक रात्री पाठवतो" म्हणतात, तो डेक म्हणजे कॉम्प्युटरवरच्या स्लाइडांचा गठ्ठा. शेजारी बसलेला काका विचारते, किती वॅटचा आहे रे?