डॉबी की जॅकार्ड? सोलापूरच्या मागावरचे दोन वेगळे हिशेब

सोलापुरी चादरीची घडी उलगडून तिच्या काठाकडे नीट बघा. पुष्कळ चादरींवर तिथे उत्पादकाचं नाव सापडतं. ते छापलेलं नसतं आणि वरून दोऱ्याने भरलेलंही नसतं. चादर मागावर असतानाच ती अक्षरं कापडात उतरलेली असतात. आता त्याच दुकानातला टर्किश टॉवेल हातात घ्या. दोन्ही टोकांना लूप नसलेली एक सपाट पट्टी असते आणि तिच्यात शंकरपाळी, बारीक चौकटी किंवा तिरप्या रेघा. विकणारा दोन्हीला एकच नाव देतो: जॅकार्ड. ऑनलाईन विक्रीत तर अंगावर नक्षी असलेलं कुठलंही कापड जॅकार्ड म्हणून खपतं, मग ते नुसतं छापील का असेना. छापील कापड ओळखणं सोपं आहे, उलटं करून बघितलं की मागची बाजू फिकी किंवा कोरी निघते. खरा घोळ विणलेल्या नक्षीतच आहे. चादरीवरचं नाव जॅकार्डचं, टॉवेलची पट्टी मात्र बहुधा डॉबीची. ज्याला या शहरात राहून कापडासाठी डिझाईन करायचं आहे, त्याने हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

माग कुठलाही असो, मूळ काम एकच. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा. प्रत्येक बाणा टाकण्याआधी ताण्यातले काही धागे वर जातात, बाकीचे खाली राहतात, आणि मधल्या फटीतून बाणा पलीकडे जातो. मग फणी त्याला ठोकून बसवते. कोणते धागे वर न्यायचे, एवढाच नक्षीचा प्रश्न असतो, आणि तो दर बाण्याला नव्याने सोडवावा लागतो. डॉबी आणि जॅकार्ड ही हा प्रश्न सोडवणारी, मागावर बसवायची दोन वेगळी यंत्रं आहेत. माग तोच राहू शकतो, धागे उचलणारं डोकं बदलतं.

डॉबीत ताण्याचे धागे फ्रेममध्ये वाटलेले असतात. एका फ्रेममध्ये शेकडो धागे ओवलेले, आणि फ्रेम उचलली की ते सगळे एकदम उठतात. अशा फ्रेम किती? साधारण सोळा, वीस, चोवीस. आधुनिक डॉबीवर अठ्ठावीसपर्यंत. जुन्या डॉबीवर कोणती फ्रेम कधी उचलायची हे लाकडी पट्ट्यांच्या साखळीत लिहिलेलं असतं. पट्टीला भोकं असतात, भोकात खुंटी मारली की त्या फ्रेमची पाळी आली, रिकामं ठेवलं की ती खालीच राहिली.

जॅकार्डमध्ये फ्रेमच नाहीत. मागाच्या वर उंचावर हुकांची रांग असते आणि प्रत्येक हुकाला दोऱ्या लटकलेल्या असतात. त्या दोऱ्यांच्या खालच्या टोकाला ताण्याचा एकेक धागा. शेजारच्या धाग्याने काय करावं याच्याशी या धाग्याचा काहीही संबंध नाही. पंचकार्डाच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांच्या, जॅकार्डमध्ये हे कसं घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. एका बाण्याला एक कार्ड. कार्ड सुयांच्या समोर येऊन दाबलं जातं. जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते, तिचा हुक सरळ उभा राहतो, वर सरकणारं पातं त्याला धरतं आणि धागा उठतो. जिथे भोक नाही तिथे कार्ड सुईला मागे ढकलतं, हुक पात्यावरून निसटतो आणि धागा जागीच राहतो. मग पुढचं कार्ड. दोऱ्याने ओवलेल्या कार्डांची अख्खी माळ अशी फिरत राहते आणि खाली कापडावर पाकळी उमटते.

म्हणजे डॉबीत धागे गटाने वागतात, जॅकार्डमध्ये प्रत्येक जण स्वतंत्र. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

आकड्यात बोलू. समजा ताण्यात इंचाला 48 धागे आहेत. सोळा फ्रेमच्या डॉबीवर धागे एकापाठोपाठ सरळ ओवले तर सतराव्या धाग्यापासून नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्शात एक नक्षी संपते. ओवणी पुढे जाऊन परत मागे आणली, टोकदार केली, तर 30 धागे मिळतात, म्हणजे पाऊण इंचसुद्धा नाही. म्हणून डॉबीची नक्षी बारीक असते आणि शंकरपाळी तिला इतकी सहज जमते. त्याच ताण्यावर 480 हुकांचं जॅकार्ड लावलं तर दहा इंच रुंदीची नक्षी होते, आणि त्या दहा इंचात 480 धाग्यांपैकी कुणीही कुणासारखं वागायला बांधलेलं नाही. साठ इंच रुंद चादरीत ती सहा वेळा येईल, कारण एकेका हुकाला सहा ठिकाणच्या दोऱ्या बांधलेल्या असतील. या दोऱ्या आरशासारख्या उलट क्रमाने बांधल्या, तर तेवढ्याच हुकांत दुप्पट रुंदीची नक्षी मिळते. फक्त तिची उजवी बाजू डावीचं प्रतिबिंब होते. जुन्या नक्षीत समोरासमोर तोंड करून बसलेले मोर दिसले, तर त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच हुकांचा हा हिशेबही असू शकतो. मला ही गोष्ट फार आवडते. अडचणीतून निघालेली रचना लोकांच्या डोळ्यात इतकी बसते की पुढे तीच परंपरा ठरते.

इथे एक बारकावा आहे आणि तो सहसा सुटतो. डॉबीची अडचण रुंदीत असते, लांबीत फारशी नाही. साखळी लांब केली की लांबीच्या दिशेने पाहिजे तेवढे बदल करता येतात. टॉवेलला नेमकं हेच हवं असतं. टेरीत, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या कापडात, ताणा दोन बीमांवर (ताणा गुंडाळायच्या रुळांवर) असतो, एक ताठ, एक सैल. नेहमीच्या विणीत पहिले दोन बाणे फणी थोडं अंतर ठेवून बसवते आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम पुढे ठोकते. त्या धक्क्याने सैल ताण्याचे लूप उभे राहतात. टॉवेलचं टोक जवळ आलं की हे अंतर सोडणं थांबतं, लूप बंद होतात, फ्रेमचा क्रम बदलतो आणि सपाट पट्टी सुरू होते. चार बोटं पट्टी, मग पुन्हा लूप. सगळा बदल लांबीच्या दिशेने, आणि रुंदीत तीच छोटी शंकरपाळी या काठापासून त्या काठापर्यंत. अशा पट्टीसाठी जॅकार्ड लावणं म्हणजे निव्वळ खर्च. टॉवेलच्या अंगावर मोठं फूल हवं असेल किंवा हॉटेलचं नाव विणून हवं असेल, तेव्हा मात्र जॅकार्डला पर्याय नाही. तिथे दोन रंगांचे सैल ताणे असतील तर एक रंग पुढे लूप काढतो तेव्हा दुसरा मागे, म्हणून असा टॉवेल उलटा केला की तीच नक्षी रंग अदलाबदल करून दिसते.

डॉबी म्हणजे जॅकार्डच्या आधीची, मागासलेली पायरी, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. जोसेफ मारी जॅकार्डचं यंत्र फ्रान्समधल्या लिऑनचं, 1804 सालचं, आणि त्याच्याही आधी 1725 पासून बूशाँ, फाल्कन, वोकान्सों यांनी भोकाच्या कागदावर आणि कार्डांवर काम केलेलं होतं. डॉबी आली ती जॅकार्डनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. साध्या नक्षीसाठी एवढं मोठं यंत्र कशाला, या रोकड्या विचारातून ती उभी राहिली. आजही तिची बाजू भक्कम आहे: किंमत कमी, जागा कमी, देखभाल सोपी आणि बहुतेक वेळा वेगही जास्त. जॅकार्डला डोक्यावर उंची लागते, कारण दोऱ्या वरून पसरत खाली यायला अंतर हवं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बुटक्या पत्र्याच्या शेडमध्ये काय लावता येईल, हे पुष्कळदा छतच ठरवतं.

दुसरा समज, तोही इंटरनेटवर हौसेने पसरलेला: जॅकार्डचा माग हा जगातला पहिला संगणक. हेही खरं नाही. ते यंत्र गणित करत नाही, निर्णय घेत नाही. कार्डावर जे आहे ते न चुकता पुन्हा पुन्हा करतं. पण त्यात एक थोर कल्पना होती, की काम करणारं यंत्र वेगळं आणि त्याला दिलेल्या सूचना वेगळ्या, आणि सूचना बदलल्या की तेच यंत्र दुसरं काही करतं. इंग्लंडमधला गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी कार्डांची ही पद्धत उचलली. त्याच्याकडे जोसेफ जॅकार्डचं रेशमात विणलेलं व्यक्तिचित्र होतं, ज्यासाठी 24 हजार कार्डं लागली होती. 1843 मध्ये ॲडा लव्हलेसने बॅबेजच्या यंत्राबद्दल लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणतं. 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकाची कार्डं मोजणीसाठी वापरली. इतकं सगळं झालं, पण डॉबीच्या खुंटीतही तेच तत्त्व होतं, आहे किंवा नाही, हे कुणी आवर्जून सांगत नाही. सोलापुरात ज्यांनी आयुष्यभर या खुंट्या मारल्या आणि कार्डं ओवली, त्या माणसांच्या हातात प्रोग्रामिंगच होतं. त्यांच्या कामाला कारागिरीसोबत तांत्रिक कामाचाही मान मिळायला हवा.

1983 मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखवलं. तेव्हापासून कार्डांची माळ हळूहळू संगणकाच्या फाईलमध्ये गेली. डॉबीच्या खुंट्यांचंही तसंच झालं. त्यामुळे यंत्राकडे बघून फरक कळणं अवघड होत चाललं आहे, कापडावर मात्र तो तसाच आहे. ओळखायचं झालं तर रुंदीत सगळ्यात छोटी पुनरावृत्ती किती ते पट्टीने मोजा. पाऊण-एक इंचाच्या आत असेल आणि सगळे आकार सरळ किंवा तिरप्या रेघांचे असतील तर डॉबी. गोलाई, वेल, अक्षर किंवा वितीएवढा मोर दिसला तर जॅकार्ड. अधलेमधले नमुने असतात. वेगवेगळ्या जागी वेगळी ओवणी करून हुशार कारागीर डॉबीवरही मोठे चौकोनी ठोकळे काढतो, पण अक्षरापाशी तो अडतोच.

नव्या डिझायनरसाठी कामाची गोष्ट अशी. जॅकार्डची फाईल म्हणजे चौकटींची जाळी, एक चौकट म्हणजे एक ताणा आणि एक बाणा. स्क्रीनवर ती चौकट चौरस दिसते, कापडावर ती चौरस असेलच असं नाही. इंचाला 48 ताणे आणि 36 बाणे असलेल्या कापडासाठी 48 बाय 48 चौकटींत गोल काढला, तर कापडावर त्याची रुंदी एक इंच आणि उंची एक इंच आणि वर तिसरा हिस्सा होईल. गोलाचं अंडं झालं. एक इंचाचा खरा गोल हवा असेल तर उभ्या दिशेला 36 चौकटीच घ्याव्या लागतात. जुने नक्षीकार यासाठी वेगवेगळ्या प्रमाणाचे आलेखाचे कागद ठेवायचे. तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागात एखाद्या कारखान्याला डिझाईन द्यायचं असेल, तर रंग ठरवण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: माग डॉबीचा की जॅकार्डचा, फ्रेम किंवा हुक किती, इंचाला ताणे-बाणे किती, आणि दोऱ्या सरळ बांधल्या आहेत की आरशासारख्या. उत्तर डॉबी आलं आणि तुम्हाला टॉवेलवर शाळेचं बोधचिन्ह हवं असेल, तर टॉवेल डॉबीवरच विणून घ्या आणि चिन्ह नंतर भरतकामाने करा. थोडक्या नगांसाठी तेच परवडतं.